सिमेंटच्या पायऱ्यांवरील डाग : त्यांची पारख व ते काढण्याची रीत

शेतकीच्या मासिकांत पायऱ्या धुण्याचा विषय कशाला, असें कांहीं वाचकांस वाटणें साहजिक आहे. परंतु शहरांतील बंगल्याच्या पायऱ्या आणि शेतकऱ्याच्या घराच्या पायऱ्या यांत मोठा भेद आहे. बंगल्याच्या पायरीवर फार तर पादत्राणांची धूळ पडते. आपल्या पायरीवर खताचीं पोतीं उतरतात, पाण्याचा पंप दुरुस्तीसाठीं उघडला जातो, फवारणीचें औषध कालविलें जातें, धारा काढून येणाऱ्याच्या चरवींतून दूध हिंदकळतें, हळदीच्या हंगामांत हळद सांडते, आणि संध्याकाळीं चार मंडळी जमली म्हणजे पानतंबाखू होते. त्यांतून ह्या पायऱ्या उघड्यावर, म्हणून पाऊस, ऊन व झाडांचा पालापाचोळा हीं त्यांच्या वाट्यास बारमाही आलेलीं असतात.

पूर्वीं ह्या पायऱ्या काळ्या दगडाच्या, किंवा कोंकणांत जांभ्याच्या असत, व ओटा शेणानें सारवीत. सारवलेल्या जागेवर डाग पडला तर पुढच्या सारवणांत तो बुजून जाई. आतां बहुतेक ठिकाणीं सिमेंट-काँक्रीट आलें आहे. पण तें कसें वागवावें याचें ज्ञान त्याच्याबरोबर आलें नाहीं. डाग कोणताही असो, दुकानांतून ॲसिडची बाटली आणावी, ओतावी, फसफसूं द्यावी आणि खराट्यानें घासावें, ही एकच रीत सर्वत्र रूढ झाली आहे. फेस दिसला कीं मळ निघाला असें पाहणारास वाटतें. वस्तुतः त्या फेसांत मळ थोडा व सिमेंटच फार असतें. ह्या रीतीनें पायऱ्या झिजतात, हात भाजतात, आणि तिच्यांत एक विशिष्ट भर पडली तर माणसाचा श्वासही कोंडतो.

प्रथम सिमेंटाचा स्वभाव पाहूं. पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत जोसेफ ॲस्पडिन ह्या गवंड्यानें १८२४ सालीं घेतलें, व आपल्या देशांत १९१४ मध्यें पोरबंदर येथील कारखान्यांतून सिमेंट बाहेर पडूं लागलें. चुनखडी व चिकणमाती एकत्र भाजून, दळून तें करतात. पाणी मिळतांच त्याचा दगड बनतो, व त्या क्रियेंत मोकळा चुनाही सुटतो आणि काँक्रीटच्या अंगांत राहतो. म्हणून सिमेंट जन्मतःच चुन्याच्या गोत्राचें आहे, आणि चुना व आम्ल यांचें हाडवैर. दुसरें असें कीं, काँक्रीट डोळ्यांस कितीही घट्ट दिसलें तरी त्यांत केसाहून बारीक अशा नळ्यांचें जाळें असतें. कालवतांना घातलेलें जास्तीचें पाणी उडून गेल्यावर ज्या जागा रिकाम्या राहतात त्याच ह्या नळ्या. तेल, रंग, गंजाचें पाणी हीं त्यांतून आंत शोषलीं जातात. म्हणजे डाग पायरीवर बसलेला नसतो, पायरींत शिरलेला असतो. वरून कितीही घासलें तरी आंत गेलेलें बाहेर येत नाहीं. घासण्यानें सिमेंटाचें वरचें कातडें तेवढें जातें, वाळूचे कण उघडे पडतात, आणि त्या खडबडीत अंगावर पुढचा मळ पूर्वींपेक्षां लौकर धरतो. ज्यांनीं चार-पांच वर्षें दर दिवाळीस पायऱ्या ॲसिडनें उजळल्या असतील त्यांनीं त्यांवरून हात फिरवून पाहावा, कानशीसारखा लागेल. शहाबादी व कडाप्पा फरशीची गोष्टही हीच, कारण त्याही चुनखडीच्याच जातीच्या. काळ्या दगडास ॲसिड इतकें बाधत नाहीं, व बहुधा त्या अनुभवावरूनच हा प्रघात सिमेंटावर आला असावा.

मीं महसूल खात्यांत कारकुनी केली, आणि तेथील एक रीत ह्या कामास लागू पडते. नुकसानीचा अर्ज आला कीं प्रथम जागेवर जाऊन पंचनामा होतो, मग बाकीचें. डागाचाही पंचनामा आधीं करावा. तो कोठें पडला, केव्हांपासून दिसतो, पावसांत वाढतो कीं उन्हांत, आणि त्याच्या वर किंवा बाजूस काय आहे, हें पाहावें. वर लोखंडी कठडा असेल तर तांबूस ओघळाचा धनी सांपडला. बाजूस चिंच किंवा जांभूळ असेल तर तपकिरी ठिपक्यांचा उलगडा झाला. मग तीन सोप्या परीक्षा कराव्या. कोरड्या डागावर पाण्याचा थेंब टाकावा: तो चटकन शोषला गेला तर तेल नाहीं, मोत्यासारखा वर राहिला तर तेल किंवा मेण आहे. डाग पांढरा असेल तर त्याची चिमूटभर भुकटी खरवडून बशींत घ्यावी व तीवर लिंबाचा थेंब पिळावा. बुडबुडे आले तर चुना, न आले तर दुसरा क्षार. ही परीक्षा पायरीवरच करूं नये, कारण पायरी स्वतःच बुडबुडे देते व निकाल चुकतो. हिरवट काळा डाग असेल तर तो ओला करून नखानें खरडावा. बुळबुळीत थर निघाला तर ती सजीव वस्तु आहे, व तिचा उपाय निराळा. पुढें जीं औषधें सांगितलीं आहेत त्यांपैकीं कोणतेंही प्रथम कोपऱ्यांतील वीतभर जागेवर लावून, धुऊन, पूर्ण वाळल्यावर पाहावें. ओल्या सिमेंटाचा रंग फसवा असतो.

सर्वांत पहिला मान शेवाळास. बाकीचे डाग डोळ्यांस खुपतात, हें पाय घसरवितें. आमच्या शेजारच्या वाडींतील एक वृद्ध बाई श्रावणांत पहांटे तुळशीस पाणी घालावयास उतरत असतां दुसऱ्या पायरीवरून घसरल्या. खुब्याशीं हाड मोडलें, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढले सहा महिने त्या ओट्यावर बसूनच तुळशीस हात जोडीत. त्या पायरीवरचें शेवाळ घरांतील सर्वांनीं पाहिलेलें होतें. पण पाऊस संपला कीं तें आपोआप जातें, अशी समजूत. तें वाळतें हें खरें, मात्र मरत नाहीं. उन्हाळ्यांत पायरीवर जो काळा पोपडा दिसतो तो म्हणजे तेंच शेवाळ व बुरशी दम धरून बसलेलीं असतात, व मृगाच्या सरीबरोबर पुन्हां जागीं होतात.

तें काढण्यास उत्तम वेळ मृगाआधीं आठ-पंधरा दिवस. पायरी कोरडी असतांना बोथट कालथ्यानें व ताठ खराट्यानें थर खरवडावा व खरवड उकिरड्यावर टाकावी. मग प्लॅस्टिकच्या बादलींत दहा लिटर पाणी घेऊन त्यांत दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवावी व अर्धा तास स्थिर ठेवावी. वरची निवळ तेवढी घ्यावी. तळचा गाळ म्हणजे चुना, तो पायरीवर गेला तर पांढरा राप बसतो. विहिरींत टाकण्यासाठीं ग्रामपंचायती जी पावडर वापरतात तीच ही. ताज्या पावडरींत शेंकडा तीसच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो. पोतें उघडें राहिलें किंवा दमट कोठींत वर्षभर पडलें तर क्लोरीन उडून जातो, नुसता चुना उरतो, आणि मग औषध लागलें नाहीं अशी तक्रार येते. डबा उघडतांच नाकास झोंबला तर पावडर जिवंत समजावी. निवळ सकाळीं किंवा उन्हें कलल्यावर लावावी, कारण कडक उन्हांत ती लागलीच वाळते व तिचा जोर जातो. पंधरा मिनिटें पायरी ओली राखावी, मग काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशानें घासून भरपूर पाण्यानें धुवावी. हातांत रबरी मोजे असावेत व अंगावर जुनें वस्त्र असावें, कारण शिंतोडा उडाला कीं कपड्याचा रंग जातो. तारेचा ब्रश मुळींच नको. त्याच्या तुटलेल्या टोकांस गंज चढतो आणि एका डागाच्या जागीं शंभर ठिपके येतात.

कांहीं मंडळी ही निवळ फवारणीच्या पंपांतून मारतात. तें करूं नये. पंपांत कीडनाशकाचा अंश राहिलेला असतो व क्लोरीनशीं त्याचा संयोग काय निपजवील याचा भरंवसा नाहीं. शिवाय पितळी तोटी व रबरी वॉशर खराब होतात तें वेगळेंच. शेवाळ एकदां मारल्यावर त्याचें कारणही दूर करावें. पागोळ्या पायरीवर पडत असतील तर पन्हळ बसवावी. सकाळचें ऊन अडविणारी एखादी फांदी असेल तर ती छाटावी. देशावर, जेथें पाऊस बेताचा, तेथें वर्षांतून हें एकदां केलें व पावसाळ्यांत उघाड मिळतांच एकदां घासलें तरी पुरतें. कोंकणांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस. तेथें पावसाळाभर दर पंधरवड्यास खराटा फिरविणें भागच आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला ती सांगतों. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड हीं एकाच पायरीवर एका दिवशीं कधींही येऊं देऊं नयेत. दोन्ही एकत्र झालीं कीं क्लोरीन वायु सुटतो. १९१५ सालीं, पहिल्या महायुद्धांत, बेल्जममधील ईप्रच्या रणांगणावर जर्मन सैन्यानें जो विषारी वायु सोडला तो हाच. तो हवेपेक्षां जड असल्यामुळें वर उडून जात नाहीं. जिन्याखालची खोली, पायरीलगतचा खड्डा, न्हाणी अशा सखल जागीं साचून राहतो. माझ्या माहितींतील एका घरीं दिवाळीच्या आधीं गड्यानें सकाळीं पावडर लावली. डाग राहिला म्हणून घरधन्यानें दुपारीं, मध्यें नीट न धुतां, त्यावरच ॲसिड ओतलें. गडी पायरीशीं उकिडवा बसून घासत होता, म्हणजे त्याचें नाक नेमकें वायूच्या पातळीवर. धनी खोकत मागें सरला. गड्यास दोन दिवस रुग्णालयांत प्राणवायूवर ठेवावें लागलें. जास्त पगार, इनाम वगैरे पुढें झालें, पण त्या माणसास अजून जिना चढतांना धाप लागते. ह्या नियमांत लिंबू, चिंच, व्हिनेगर यांसही सूट नाहीं, कारण तींही आम्लेंच. आणि गोठ्यालगतच्या पायरीवर जनावराचें मूत मुरलेलें असतें. त्यांतील अमोनियाशीं ब्लीचिंग पावडर मिळाली तरी घातक वायु होतो. अशी पायरी आधीं दोन-तीन वेळां साध्या पाण्यानें धुवावी, दुसऱ्या दिवशीं पावडर लावावी. चुकून वायु सुटलाच तर आणखी कांहीं ओतण्याच्या भानगडींत न पडतां वाऱ्याच्या उलट बाजूस, उंच मोकळ्या जागीं जावें, डोळे पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावे आणि खोकला किंवा धाप राहिल्यास लगेच डॉक्टर गांठावा.

बाजारांत ज्यास नुसतें ॲसिड म्हणतात तें बहुधा मिठाचें ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ॲसिडच्या उघड विक्रीवर बंधनें घातलीं: दुकानदारानें घेणाऱ्याचें नांव, पत्ता व कारण वहींत नोंदवावें, ओळखपत्र पाहावें, व अठरा वर्षांखालील मुलास तें देऊं नये. हीं बंधनें स्त्रियांवरील ॲसिड-हल्ल्यांच्या खटल्यांतून आलीं. घरीं अशी बाटली असलीच तर ती कुलुपांत असावी. आणि ती पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत ओतून ठेवण्याची जी खोड आहे तिच्याइतकी घातक खोड दुसरी नाहीं.

तेलाचा डाग हा आपल्या घरचा नेहमीचा पाहुणा. ताजें तेल सांडलें तर पाणी ओतूं नये व फडक्यानें पसरवूं नये. लागलीच कोरडी राख, लांकडाचा भुसा किंवा कोरडी माती जाड टाकावी, पायानें दाबावी, दोन तासांनीं झाडून पुन्हां नवी टाकावी. एवढ्यानें निम्म्याहून अधिक काम होतें. जुन्या डागास एक लिटर कढत पाण्यांत पन्नास ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून तें ओतावें व घासावें. सोडा चुन्याच्याच स्वभावाचा असल्यामुळें सिमेंटास त्याची बाधा नाहीं. तरीही डाग राहिला तर लेप करावा: मुलतानी माती किंवा खडूची भुकटी ह्याच सोड्याच्या पाण्यांत थालीपिठाच्या पिठासारखी कालवून डागावर, व डागाच्या कडेबाहेर दोन बोटें, अर्धा इंच जाड थापावी. वर प्लॅस्टिकचा कागद घालून एक दिवस ठेवावें, मग कागद काढून लेप पूर्ण वाळूं द्यावा व खरवडून टाकावा. सोड्याचें पाणी नळ्यांत शिरून तेल सैल करतें. लेप वाळूं लागला कीं ओल वर खेंचली जाते व तिच्याबरोबर तेलही लेपांत येतें. गळवावर पोटीस बांधतात तोच हा न्याय. एका लेपानें भागलें नाहीं तर दुसरा, तिसरा द्यावा. इंजिनचें काळें तेल वर्षभर मुरलेलें असेल तर पुसटशी छाया राहतेच. ती राहूं द्यावी. रॉकेल ओतण्याची रीत मात्र सोडून द्यावी. त्यानें वरचा डाग फिका दिसतो, पण तेल पातळ होऊन अधिक खोल व अधिक रुंद पसरतें.

गंजाचा डाग तांबूस, बहुधा ओघळाच्या आकाराचा. कठड्याचा पाया, विसरलेली पहार, लोहयुक्त बोअरचें पाणी हीं कारणें उघड आहेत. एक कारण लोकांच्या लक्षांत येत नाहीं, तें म्हणजे फेरस सल्फेट, आपला हिराकस. पिवळ्या पडलेल्या पिकास तो देण्यासाठीं आणतात, चार कण पायरीवर सांडतात, व दवानें ते विरघळून गंजाचे ठिपके उठतात. कोरडे असतांनाच ते झाडून काढावे. गंजावर ब्लीचिंग पावडरीचा उपयोग नाहीं. तिनें तो उलट पक्का होतो. येथें सायट्रिक ॲसिडच घ्यावें लागतें, जें किराणा दुकानांत लिंबूसत्त्व म्हणून मिळतें. हेंही आम्लच आहे व सिमेंटास थोडेंफार खातें, पण तें सौम्य असून लोखंडास धरून ठेवण्याचा गुण त्यांत आहे. पायरी आधीं पाण्यानें चांगली भिजवावी, म्हणजे नळ्या पाण्यानें भरतात व औषध वरच काम करतें. लिटरभर पाण्यांत पन्नास ग्रॅम घेऊन डागापुरतेंच लावावें, पांच-सात मिनिटांनीं ब्रश फिरवून धुवावें, व शेवटीं थोड्या सोड्याच्या पाण्यानें उरलेलें आम्ल मारावें. ऑक्झॅलिक ॲसिड यापेक्षां जालीम खरें, परंतु तें पोटांत गेल्यास विष आहे. जेथें रांगतें मूल व मोकळीं वासरें आहेत तेथें त्याचें नांव नको. कठडा खरवडून रंगविल्याशिवाय नुसता डाग काढणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी भरणें होय.

पानाच्या पिंकेंत कात असतो, आणि चुन्याच्या सहवासांत काताचा रंग अधिक गडद होतो. ताज्या पिंकेवर तांब्याभर पाणी पडलें तर डाग उरतच नाहीं. मीं ज्या कचेऱ्यांत नोकरी केली त्यांतील एकीच्या जिन्याच्या कोपऱ्यांत ह्या डागांचे तीन पिढ्यांचे थर होते. दरवर्षीं त्यांवर चुना मारीत, व चुन्यावर कात अधिकच खुलून दिसे. जुन्या पिंकेस ब्लीचिंगची निवळ दोन वेळां लावावी. जांभळाचे, चिंचेच्या पाल्याचे, चहाचे डागही तिनेंच जातात. हळद निराळी. सिमेंटावर, विशेषतः नव्या ओल्या सिमेंटावर, हळद सांडली तर ती लाल होते आणि घरांत कोणास जखम झाली कीं काय असा भास होतो. चुन्याच्या योगानें हळदीचें कुंकू होतें तोच हा प्रकार. ह्या डागावर कांहीं खर्च करूं नये. वर खोळ असेल ती काढावी व ऊन लागूं द्यावें. हळदीचा रंग उन्हांत टिकत नाहीं.

कधीं कधीं निळसर काळा डाग पडतो आणि तो कशानेंच जात नाहीं असें दिसतें. बाभळीच्या सालीवर किंवा ओल्या पाल्यावर लोखंडी घमेलें रात्रभर राहिलें कीं असें वर्तुळ उमटतें. जुन्या दप्तराशीं ज्यांचा संबंध आला त्यांस हा डाग ओळखीचा वाटेल. हिरडा व हिराकस एकत्र करून शाई करीत, व पायरीवर नकळत झालेली ती शाईच आहे. ती दोन पदार्थांची असल्यामुळें उपायही दोन: पहिल्या दिवशीं ब्लीचिंगनें सालीचा अंश काढावा, खूप पाण्यानें धुवावें, मध्यें दोन दिवस जाऊं द्यावे, पुन्हां धुवावें, आणि मग उरलेल्या तांबूस भागास लिंबूसत्त्व लावावें. मधले दोन दिवस कां, तें वर सांगितलेंच आहे. द्राक्षबागाईतदारांच्या पायऱ्यांवर मोरचुदाचे निळे डाग असतात. तेही लिंबूसत्त्वानें फिके होतात.

लोणा हा डागच नव्हे, ती पायरीची तक्रार आहे. मागच्या भरावांतून किंवा जमिनींतून ओल पायरींत शिरते, आंतील चुना व क्षार विरघळवून वर आणते, आणि पाणी उडून गेलें कीं पांढरें फूल उमलतें. खारट बोअरच्या पाण्यानें कालविलेल्या व न धुतलेल्या वाळूच्या कामांत हें पहिल्याच वर्षीं दिसतें. येथें लोक पाण्याच्या नळीनें धुतात. क्षार विरघळून पुन्हां आंत जातात व आठ दिवसांनीं तेंच दृश्य. कोरड्या हवेंत कोरड्या ब्रशानें झाडून भुकटी सुपलींत गोळा करावी. दोन-तीनदां असें केल्यावर विरघळणारा क्षार कमी होतो. बशींतल्या परीक्षेंत बुडबुडे आले असतील तर तो चुन्याचा पक्का थर. त्यास सौम्य लिंबूसत्त्व चालेल. पण खरा उपाय ओल तोडण्याचा. पायरीच्या मागें मोरीचें पाणी मुरत असेल तर मोरी दुरुस्त करावी, नाहीं तर आयुष्यभर झाडीत बसावें लागेल.

कांहीं पदार्थ डाग फारसा पाडीत नाहींत, पण पायरी खातात, म्हणून त्यांची ओळख येथेंच करून देतों. अमोनियम सल्फेटचीं फुटकीं पोतीं ओल्या पायरीवर महिनाभर ठेवलीं तर काँक्रीट मऊ पडतें. गुऱ्हाळाची काकवी, आंबलेलें ताक, मुरघासाचा रस हेही त्याच पंक्तींतले. सांडतांच धुणें एवढाच यांवर उपाय.

गाड्या धुण्याचें जोरदार फवाऱ्याचें यंत्र आतां कित्येक गांवांत भाड्यानें मिळतें. शेवाळास तें चांगलें, परंतु नळीचें तोंड हातभर दूर व तिरपें धरावें; जवळ नेलें तर ॲसिडनें जें होतें तेंच पाण्यानें होतें. झिजून खडबडीत झालेल्या पायरीवर चकचकीत तेलरंग लावण्याचा मोह होतो. तो टाळावा; ओल्या तेलरंगावरून घसरण्यास शेवाळही लागत नाहीं. त्याऐवजीं पायरी पूर्ण कोरडी असतां सिलेन जातीचें पाणी-रोधक द्रव्य लावावें, तें नळ्यांत शिरतें व वर पापुद्रा धरीत नाहीं. मात्र जेथें मागून ओल येते तेथें तें लावूं नये. नवी पायरी बांधावयाची असेल तर बाहेरच्या अंगास फुटास पाव इंच उतार ठेवावा, सिमेंट ओलें असतां त्यावर आडवा खराटा ओढावा म्हणजे पाय धरण्यास रेघा राहतात, आणि निदान दहा दिवस गोड पाण्यानें भिजत ठेवावी. महिना पुरा होण्याआधीं तिला कोणतेंही औषध दाखवूं नये.

धुवणाचें पाणी कोणीकडे जातें हें काम सुरू करण्याआधीं पाहावें. ब्लीचिंगचें व मोरचुदाचें पाणी विहिरीकडे, गुरांच्या हौदाकडे किंवा तुळशीच्या बुंध्याकडे वळतां कामा नये. मातीचा लहानसा बांध घालून तें रिकाम्या जागेंत मुरवावें, आणि पायऱ्या वाळेपर्यंत कोंबड्या डालून ठेवाव्या.